गर्भाशयमुखाचा कर्करोग, समाजगट आणि स्त्रीचे जीवनमान : आचरा व मालवण किनारपट्टीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

रोगांचा इतिहास हा बहुधा साथींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १८९६ ची मुंबईतील प्लेगाची साथ, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांविषयी विपुल लेखन झाले. परंतु जो रोग साथीप्रमाणे येत नाही, वर्षानुवर्षे शरीरात मुरत राहतो आणि ज्याचा उच्चार घरातही केला जात नाही, त्याच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग हा असा एक रोग होय. भारतात २०२० या एका वर्षात या रोगाचे सुमारे १,२३,९०० नवे रुग्ण आणि सुमारे ७७,३०० मृत्यू झाल्याचा जागतिक पातळीवरील अंदाज आहे. मात्र या आकड्यांवरून रोग झालेली स्त्री कशी जगली, हे कळत नाही.

प्रस्तुत निबंधात या रोगाचा समाजगटवार अभ्यास महाराष्ट्रात कसा सुरू झाला, त्यातून काय हाती लागले व काय निसटले, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरा या किनाऱ्यावरील गावासारख्या ठिकाणच्या स्त्रीच्या जीवनमानाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ काय, याचा विचार केला आहे.

समाजगट आणि कर्करोग : अभ्यासाची पूर्वपीठिका :

स्त्रियांच्या गटागटांतील कर्करोगाचे प्रमाण ताडून पाहण्याची पद्धत जुनी आहे. इटलीतील वेरोना शहराच्या मृत्युनोंदींवरून डोमेनिको रिगोनी-स्टर्न या वैद्याने १८४२ मध्ये असे दाखविले की, मठातील जोगिणींमध्ये गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांच्या तुलनेत कमी, तर स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा संबंध लैंगिक संबंधाशी असावा, या तर्काचा उगम येथे आहे. या तर्काला आधार मिळण्यास सुमारे १४० वर्षे लागली. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ व १९८४ मध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूचे १६ व १८ हे प्रकार या अर्बुदांत शोधून काढले. या कार्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पाश्चात्त्य देशांत 'वांशिक गट' हा शब्द वर्ण व मूळ देश यांना अनुलक्षून वापरला जातो. अमेरिकेत गौरवर्णीय, आफ्रिकी, लॅटिना व आशियाई वंशाच्या रुग्ण स्त्रियांच्या जीवनमानाची तुलना करणारे अभ्यास झाले असून उत्पन्न, भाषा, विमा व कुटुंबाचा आधार यांचा प्रभाव त्यांतून पुढे आला आहे. भारतात मात्र ही संकल्पना जशीच्या तशी लावता येत नाही. येथे धर्म, जात, जमात, मातृभाषा आणि प्रदेश या सर्वांचे मिळून स्त्रीचे स्थान ठरते. आचऱ्याच्या एकाच गावात वाडीवाडीने भंडारी, गाबीत, मराठा, सारस्वत, बौद्ध, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांचे जीवन चालते. त्यांची बोली मालवणी असली, तरी त्यांचे कामधंदे, विवाहाचे वय आणि आजारपणात मिळणारा आधार एकसारखा नाही.

मुंबईतील नोंदणी व धर्मवार भेद :

या विषयाच्या अभ्यासाचे भारतातील प्रमुख केंद्र मुंबई हे होते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्र विभागाचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रोगाची सांगड चालीरीतींशी घालण्यास आरंभ केला. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधात घट्ट नेसलेल्या धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन आहे. शरीरावर समाजाची खूण उमटते, हा विचार त्यातून भारतीय कर्करोगशास्त्रात रुजला.

१९५१ मध्ये डॉ. दाराब जुसावाला व नवल टाटा यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संस्था स्थापन झाली आणि १९६३ मध्ये या संस्थेने मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ही देशातील पहिली नोंदणी होय. १९७० मध्ये जुसावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी समाज आणि बृहन्मुंबईची एकूण लोकसंख्या यांतील कर्करोगाच्या भेदांचे विवेचन प्रसिद्ध केले. पारशी स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग कमी व स्तनाचा अधिक, हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक, तर मुस्लिम स्त्रियांत ते हिंदू स्त्रियांपेक्षा कमी, असे चित्र या नोंदींतून पुढे आले.

या भेदांची कारणमीमांसा अनेक प्रकारे केली गेली. पारशी समाजातील उशिराचे विवाह, मोजकी बाळंतपणे, शिक्षण व सुस्थिती यांकडे बोट दाखविण्यात आले. मुस्लिम व ज्यू समाजांच्या बाबतीत पुरुषांच्या सुंतेचा विचार झाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील संयुक्त अभ्यासात सुंता झालेल्या पुरुषांत या विषाणूचा संसर्ग कमी असल्याचे आढळले. तथापि एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. 'हिंदू स्त्री' या एका रकान्यात सुखवस्तू घरातील पदवीधर स्त्री आणि डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पायपीट करणारी गाबीत स्त्री या दोघीही सामावल्या गेल्या. धर्माच्या रकान्याने काही दाखविले, त्याचप्रमाणे काही झाकूनही ठेवले. शिवाय नोंदणीचा हेतू रोगाचे प्रमाण मोजणे हा असल्याने, उपचारानंतर घरी परतलेल्या स्त्रीच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न तिच्या कक्षेत नव्हता.

परळ आणि कोकण : जवळीक व अंतर :

कोकणाच्या दृष्टीने टाटा रुग्णालयाचे स्थान हा इतिहासातील एक विलक्षण योग म्हणावा लागेल. परळ, लालबाग, काळाचौकी हा गिरणगावचा भाग. रत्नागिरी जिल्ह्यातून (१ मे १९८१ पूर्वी आजचा सिंधुदुर्ग जिल्हा त्याचाच भाग होता) आलेले हजारो चाकरमानी याच परिसरात राहत. एकेका गावाचे लोक गावकीच्या खोलीत भाडे वाटून घेत आणि पाळीपाळीने झोपत. देशातील सर्वांत नावाजलेले कर्करोग रुग्णालय हे अशा रीतीने कोकणी माणसाच्या वस्तीतच उभे होते.

परंतु ही जवळीक पुरुषाची होती. गावकीची खोली प्रामुख्याने पुरुषांची होती; तेथे आजारी बाईमाणसाने महिना-दीड महिना राहावे, अशी सोय नसे. स्त्री गावीच राही. शेती, गुरे, सासू-सासरे आणि मुले सांभाळून ती मनिऑर्डरीची वाट पाही. या स्थलांतराची खूण जनगणनेतही दिसते. २००१ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,०७९ स्त्रिया होत्या. २०११ मध्येही हे प्रमाण १,०३६ होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील किरणोपचार साधारणपणे पाच ते सात आठवडे चालतात. एवढा काळ घर सोडणे म्हणजे लावणी किंवा कापणीचा हंगाम सोडणे, हे कुळवाडी स्त्रीच्या दृष्टीने सोपे नव्हते.

प्रवासाचा प्रश्नही तितकाच कठीण होता. आगबोटींच्या काळात किनाऱ्यावरील प्रवासी वाहतूक पावसाळ्यात बंद राही. पुढे एस.टी.चा रात्रभराचा प्रवास आला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर कणकवलीहून मुंबई गाठणे सुकर झाले. मात्र १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातील कोकणी माणसाचा आधार खचला होता. रस्ता सोपा झाला, तेव्हा मुक्कामाचे ठिकाण दुर्मिळ झाले. या काळात दादर येथील गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेसारख्या संस्थांनी बाहेरगावच्या रुग्णांना दिलेला आसरा उल्लेखनीय आहे.

सिंधुदुर्गातील रुग्णांचा दुसरा ओढा गोव्याकडे, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे राहिला. जानेवारी २०१८ पासून तेथे राज्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्गात त्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटली. जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेतील उणीव त्या प्रसंगाने उघडी पडली. जिल्ह्याचे स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ या शैक्षणिक वर्षात सुरू झाले.

मौनाची परंपरा आणि रोगाची भाषा :

या रोगाची पहिली लक्षणे म्हणजे अंगावरून जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव सुरू होणे. मराठीत पांढरी धुपणी, तांबडी धुपणी असे शब्द पूर्वापार आहेत. अर्थात बायकांना या गोष्टी ठाऊक होत्या. परंतु ती भाषा माजघरापुरती मर्यादित राहिली. रक्तस्रावाशी विटाळाची कल्पना जोडलेली असल्याने, सतत स्राव होणाऱ्या स्त्रीला देवघर, स्वयंपाक व सणवार यांपासून दूर बसावे लागे. पाळी गेलेल्या बाईला घरात मिळणारी मोकळीक व मान हा रोग हिरावून घेई. 'बाहेर बसणे' हे एरवी चार दिवसांचे. या रोगात त्याला अंत नसे.

हे मौन किती खोल होते, याचा पुरावा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडून मिळाला. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी स्त्रीरोगतपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. आपले दुखणे हे 'बाईच्या जातीला असायचेच' असे समजून सोसले जात होते. किनाऱ्यावरील परिस्थिती सर्वस्वी सारखी नसली, तरी पुरुष डॉक्टरांसमोरचा संकोच, सोबतीला बाईमाणूस नसणे आणि दुखणे अंगावर काढण्याची सवय या गोष्टी कोकणातील वाचकांना अपरिचित नाहीत.

याचा परिणाम असा होई की, स्त्री रुग्णालयात पोहोचेपर्यंत रोग गर्भाशयाच्या बाहेर पसरलेला असे. अशा अवस्थेत रोगाने किंवा उपचाराने मूत्राशय व गुदाशय बाधित होतात. लघवीवर ताबा राहत नाही, दुर्गंधी येते, पायांना सूज येते, योनिमार्ग आकुंचन पावून सहजीवन अशक्य होते. या त्रासांचा अर्थ मात्र प्रत्येक समाजात व प्रत्येक कामात निराळा ठरतो. मासळीबाजारात बसणाऱ्या स्त्रीला गिऱ्हाइकांसमोर तासन्‌तास बसावे लागते. लावणीला जाणारी स्त्री चिखलात वाकून काम करते. नमाज किंवा पूजा यांसाठी शारीरिक शुद्धतेचा नियम पाळणाऱ्या स्त्रीला सततचा स्राव ही धार्मिक अडचणही वाटते. ज्या घरात पाणी दूरच्या विहिरीवरून आणावे लागते, तेथे वारंवार कपडे धुणे हेच एक ओझे होते. एकाच वैद्यकीय लक्षणाची किंमत अशी निरनिराळी मोजावी लागते. जीवनमानाचा प्रश्न तो हाच.

ग्रामीण महाराष्ट्रातील प्रयोग :

ग्रामीण स्त्रीकडे संशोधकांचे लक्ष वळले ते १९८० नंतर. १९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली; सोलापूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. कर्मचारी गावोगाव जाऊन लोकांशी बोलू लागले, तसा रोग लवकरच्या अवस्थेत उघडकीस येऊ लागला, असे तेथील अनुभवाने दाखविले. केवळ बोलण्याने रोगाची अवस्था बदलू शकते, हा या प्रयोगाचा मोठा धडा होय.

१९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात (आजचा धाराशिव) ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा ५२ गावसमूहांत अभ्यास झाला. विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात या रोगाने ३४, तर चाचणी न केलेल्या गटात ६४ मृत्यू झाल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगरच्या साहाय्याने केलेल्या साध्या तपासणीने मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. त्यात सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या.

या अभ्यासांचे महत्त्व वादातीत असले, तरी त्यांची पद्धत वादातीत राहिली नाही. तुलनेसाठी निवडलेल्या गटातील गरीब स्त्रियांना तपासणीविना ठेवणे नैतिकदृष्ट्या योग्य होते काय, असा प्रश्न परदेशात व देशात विचारला गेला. आपल्याकडे तशीही तपासणी होत नव्हती, म्हणून कोणाचे काही हिरावून घेतले नाही, असे उत्तर देण्यात आले. या उत्तरात तथ्य आहे. परंतु 'तशीही होत नव्हती' हे वाक्यच व्यवस्थेवरील सर्वांत कठोर टीका आहे, हे विसरता येत नाही. त्याचप्रमाणे २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत आदिवासी मुलींचाही समावेश असलेला लसीकरणाचा प्रकल्प संमतीच्या प्रश्नावरून एप्रिल २०१० मध्ये थांबविण्यात आला. दुर्बल गटांवर प्रयोग प्रथम होतात आणि लाभ शेवटी पोहोचतो, अशी शंका या घटनांनी बळावली.

जीवनमानाचे मोजमाप : शब्द कोणाचे ?

केवळ जगणे म्हणजे आरोग्य नव्हे, हे तत्त्व जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ च्या घटनेत मांडले गेले. कर्करुग्णांचे जीवनमान मोजण्यासाठी युरोपीय संशोधकांनी १९९३ मध्ये ३० प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली आणि २००६ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी २४ प्रश्नांची पुरवणी तयार झाली. मूळ प्रश्नावलीचा हिंदी व मराठी रूपांत उपयोग टाटा रुग्णालयातील डोके व मानेच्या कर्करुग्णांवर करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

ही साधने उपयुक्त आहेत. तथापि त्यांचे गृहीतक पाश्चात्त्य आहे. लैंगिक जीवनातील समाधान, फावल्या वेळातील छंद यांविषयी थेट विचारलेल्या प्रश्नाला मालवणी स्त्री कसे उत्तर देईल, याचा विचार करावा लागतो. तिच्या दृष्टीने चांगले जगणे म्हणजे विहिरीवरून कळशी आणता येणे, सणाला स्वयंपाकात हात असणे, सुनेच्या बाळंतपणाला उभे राहणे, चारचौघींत जाऊन बसता येणे. या कसोट्या प्रश्नावलीत नसल्या, तरी तिच्या जीवनमानाचे मोजमाप त्याच करतात.

आचऱ्याच्या संदर्भात येथील गावपळणीचा उल्लेख करणे उचित ठरेल. श्रीदेव रामेश्वराचा कौल घेऊन काही वर्षांच्या अंतराने सारा गाव तीन दिवस व तीन रात्री वेशीबाहेर राहावयास जातो. जातिधर्माचा भेद न करता माणसे, गुरे, कोंबड्या यांसह राहुट्यांत संसार मांडला जातो. कोणी मागे राहत नाही, हे या प्रथेचे मर्म आहे. सगळ्यांनी मिळून घर सोडण्याची ही रीत ज्या गावाला ठाऊक आहे, त्याच गावातील स्त्रीला या रोगासाठी मात्र एकटीने, कारण न सांगता घर सोडावे लागते. सामूहिकतेची परंपरा आणि आजाराचे एकाकीपण यांतील हा विरोध विचार करावयास लावणारा आहे.

अलीकडील बदल :

गेल्या काही दशकांत परिस्थितीत बदल झाला आहे. मुंबईत सर्व समाजांत या रोगाचे प्रमाण उतरत गेले व स्तनाच्या कर्करोगाने पहिले स्थान घेतले. विवाहाचे वाढलेले वय, कमी बाळंतपणे, पाणी व स्वच्छतेच्या सोयी यांचा हा एकत्रित परिणाम मानला जातो. एके काळी पारशी समाजाचे वैशिष्ट्य वाटणारे चित्र इतरांतही दिसू लागले. म्हणजेच तो भेद रक्ताचा कमी व राहणीचा अधिक होता.

उपचारांतही प्रगती झाली. टाटा रुग्णालयात तिसऱ्या टप्प्यातील ८५० रुग्ण स्त्रियांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, किरणोपचारांना औषधोपचाराची जोड दिल्यास पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या जीवनदायी योजनेमुळे (२०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) गरीब कुटुंबांवरील खर्चाचा भार हलका झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली देशी लस २०२३ मध्ये उपलब्ध झाली.

तपासणीच्या बाबतीत मात्र चित्र निराशाजनक आहे. ३० वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीसाठी केंद्र शासनाने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम २ टक्के भारतीय स्त्रियांनी ही तपासणी कधी काळी करून घेतल्याचे आढळले. प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकणारी, काही मिनिटांची, अल्पखर्चाची ही तपासणी आहे. साधनांच्या अभावापेक्षा संकोच, सवड आणि विचारणा यांचा अभाव अधिक आड येतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मुंबईच्या नोंदणीने समाजगटांतील भेद शास्त्रीय रीतीने मांडून मोलाचे कार्य केले. परंतु ते भेद धर्माचे म्हणून पाहण्यापेक्षा शिक्षण, विवाहवय, श्रम व पाणी यांचे म्हणून पाहणे अधिक युक्त ठरते. दुसरी, कोकणातील स्त्रीच्या बाबतीत स्थलांतराने रुग्णालय पुरुषाच्या दारी आणले, पण स्त्रीपासून ते दूरच राहिले. तिसरी, जीवनमान हे केवळ प्रश्नावलीच्या गुणांत मावत नाही. ते स्त्रीच्या कामात, घरातील स्थानात आणि गावातील वावरात शोधावे लागते. चौथी, बार्शीच्या अनुभवाप्रमाणे मौन मोडणे हाच या रोगावरील पहिला उपचार होय.

आचऱ्यासारख्या गावात वाडीवाडीत पोहोचणारी आशा कार्यकर्ती आणि बचत गटांतील स्त्रिया हे मौन मोडू शकतात. मासळी विकणारी, तरवा लावणारी आणि घराबाहेर क्वचितच पडणारी अशा तिघी एकाच दिवशी, एकमेकींच्या सोबतीने आरोग्य केंद्राची पायरी चढतील, तेव्हा समाजगटांतील भेदांचा हा इतिहास खऱ्या अर्थाने इतिहासजमा झाला, असे म्हणता येईल.